ईमॅक्समधून मेल पाठवताना एन्क्रिप्शन: सेटिंग, तपासणी आणि अडचणी

रानजाई
रविवार, सकाळी 10:40

मंडळी, मदत हवी आहे. मी भाषांतराचं काम करते. बरीचशी कागदपत्रं कोर्टाची असतात: फिर्यादी, जबाब, वैद्यकीय अहवाल. मजकूर सगळा ईमॅक्समध्ये, म्हणजे माझ्या टेक्स्ट एडिटरमध्ये, तयार होतो. मग तो ब्राउझरमध्ये नेऊन चिकटवा, फाइल शोधून जोडा, पाठवा. हा मधला व्याप मला नको आहे.

कंट्रोल-एक्स एम दाबून मेल लिहिता येतो हे कळलं. पहिल्यांदा पाठवताना ईमॅक्सने विचारलं, मेल कोणत्या मार्गाने पाठवू? मी एसएमटीपी (मेल सर्व्हरकडे सोपवायची पद्धत) निवडलं, सर्व्हरचं नाव दिलं, पासवर्ड दिला, मेल गेला. पण गेला कसा? एन्क्रिप्ट होऊन गेला की उघडा? ब्राउझरमध्ये निदान कुलपाचं चिन्ह तरी असतं, इथे काहीच नाही. या मजकुरात लोकांची नावं, पत्ते, आजार आहेत. "बहुतेक सुरक्षित असेल" एवढ्यावर मला समाधान मानता येणार नाही.

उबुंटू 24.04 आहे, ईमॅक्स 29. नक्की काय सेट करायचं, आणि ते झालंय याची खात्री कशी करायची? इलिस्प (ईमॅक्सची सेटिंग लिहायची भाषा) मला वाचून समजतं, स्वतः फारसं लिहिता येत नाही.

बोरघाट
रविवार, दुपारी 12:15

रानजाई, शंका अगदी योग्य ठिकाणी आली आहे. तुम्ही ठेवलंय त्या मूळ सेटिंगचा अर्थ होतो "जमलं तर एन्क्रिप्ट कर". तुम्हाला हवंय ते "एन्क्रिप्ट होत नसेल तर पाठवूच नकोस". बाकी सगळं या फरकाच्या मागून येतं.

व्हेरिएबलची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलमध्ये ती रोमनमध्ये जातील. कंट्रोल-एच व्ही दाबा, एसएमटीपीमेल एवढं टाइप करून टॅब मारा, की सगळी यादी समोर येते आणि प्रत्येकाचं वर्णन तिथेच वाचता येतं.

ईमॅक्समध्ये बाहेर जाणारा मेल सांभाळणारं पॅकेज म्हणजे एसएमटीपीमेल. त्यात "एसएमटीपीमेल-स्ट्रीम-टाइप" हे व्हेरिएबल महत्त्वाचं. ते निल (म्हणजे काहीच न ठरवलेलं) असेल तर जोडणी आधी साधी उघडते. ईमॅक्स सर्व्हरला विचारतो, तुला काय काय येतं? सर्व्हरच्या उत्तरात स्टार्टटीएलएस ही ओळ (टीएलएस म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करायची पद्धत, ती सुरू करता येईल असा अर्थ) असली तर एन्क्रिप्शन सुरू होतं, नसली तर मेल तसाच पुढे जातो. आता मधल्या एखाद्या यंत्राने, मग तो हॉटेलचा राउटर असो वा ऑफिसचा फायरवॉल, ती एक ओळ गाळली तर? ईमॅक्सची समजूत होते की या सर्व्हरला एन्क्रिप्शन येतच नाही.

याच व्हेरिएबलला "स्टार्टटीएलएस" दिलं तर ती ओळ दिसली नाही की ईमॅक्स थांबतो आणि मेल पाठवायला नकार देतो. "एसएसएल" दिलं तर साधं बोलणं होतच नाही, पहिल्या बाइटपासून जोडणी टीएलएसमध्ये असते. "प्लेन" म्हणजे एन्क्रिप्शन कधीच नाही. ते फक्त आपल्याच मशीनवर चालणाऱ्या मेल सर्व्हरसाठी ठीक.

ईमॅक्स 25.1 पासून, म्हणजे 2016 पासून, नेटवर्क सिक्युरिटी मॅनेजर आत आहे हेही सांगायला हवं. पासवर्ड उघड्या जोडणीवरून जाणार असेल, किंवा काल एन्क्रिप्टेड असलेली जोडणी आज साधी झाली असेल, तर तो विचारतो. म्हणजे निल असलं तरी तुम्ही अगदीच वाऱ्यावर नाही. पण असा प्रश्न घाईच्या वेळी समोर येतो आणि माणूस पुढे चला म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा नकार सेटिंगमध्येच लिहून ठेवलेला बरा.

तुमच्या फाइलमध्ये एवढं लिहा: "सेंड-मेल-फंक्शन"ला "एसएमटीपीमेल-सेंड-इट" द्या. "एसएमटीपीमेल-एसएमटीपी-सर्व्हर"ला तुमच्या मेलसेवेचा पत्ता, "एसएमटीपीमेल-एसएमटीपी-सर्व्हिस"ला 465, "एसएमटीपीमेल-स्ट्रीम-टाइप"ला एसएसएल. सर्व्हिसचा मूळ आकडा 25 असतो, तो बदलाच. 25 हा सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचा पोर्ट (जणू सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) आहे, आणि घरगुती इंटरनेटवर बरेच पुरवठादार तो बंदच ठेवतात.

पोर्ट आणि स्ट्रीम-टाइप यांची जोडी जमली पाहिजे. 465 ला एसएसएल, 587 ला स्टार्टटीएलएस. 465 वर स्टार्टटीएलएस लावलं तर ईमॅक्स सर्व्हरच्या नमस्काराची वाट पाहतो, सर्व्हर टीएलएसच्या पहिल्या संदेशाची वाट पाहतो, आणि दोघेही गप्प बसून राहतात. स्क्रीन गोठल्यासारखी वाटते. अशा वेळी कंट्रोल-जी दाबून बाहेर या आणि आधी ही जोडी तपासा.

गवतफुला
रविवार, दुपारी 1:05

465 का सुचवलात? मी आजवर सगळीकडे 587 च वाचत आले. 465 जुना, बाद झालेला पोर्ट आहे असंही वाचलंय.

बोरघाट
रविवार, दुपारी 2:30

गवतफुला, तुम्ही वाचलंत ते एके काळी खरं होतं. 465 ची नोंद 1997 मध्ये झाली, लवकरच मागे घेतली गेली आणि तो आकडा दुसऱ्याच सेवेला दिला गेला. 1998 मध्ये 587 आला, आणि पुढे स्टार्टटीएलएस हाच अधिकृत मार्ग ठरला. प्रत्यक्षात मात्र बहुतेक मेलसेवांनी 465 कधी बंद केलाच नाही. जानेवारी 2018 मध्ये आरएफसी 8314 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) आलं आणि त्यात स्पष्ट म्हटलं की मेल सोपवताना पहिल्यापासून टीएलएस असलेली जोडणी वापरावी. त्यातच 465 ला त्याची जागा रीतसर परत मिळाली.

यामागचं कारण तात्त्विक नाही. स्टार्टटीएलएसमध्ये साध्या बोलण्यातून एन्क्रिप्टेड बोलण्यात जातानाचा जो क्षण असतो, तिथे चुका होतात. 2021 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी मेल क्लायंट आणि सर्व्हर तपासले आणि या एका सांध्यात चाळीसहून जास्त त्रुटी दाखवल्या. सांधाच नसेल तर त्या चुकाही नाहीत. तुमची सेवा फक्त 587 देत असेल तर बिनधास्त तो वापरा, पण स्ट्रीम-टाइपला "स्टार्टटीएलएस" हे स्वतःहून लिहा, निलवर सोडू नका.

कोराकागद
रविवार, दुपारी 3:50

बोरघाट यांचं म्हणणं पटतंय, पण मी स्वतः एसएमटीपीमेल सोडून एमएसएमटीपी या मेल पाठवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे वळलो, त्याचं कारण सांगतो. एसएमटीपीमेल मेल पाठवत असताना ईमॅक्स थांबून राहतो. दहा-बारा एमबीची स्कॅन केलेली पीडीएफ जोडली आणि नेट मंद असलं की तेवढा वेळ कर्सरसुद्धा हलत नाही. शिवाय क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) जाणारे मेल, म्यूट या दुसऱ्या मेल प्रोग्रॅममधून जाणारे मेल, गिटमधून जाणारे पॅच (कोडमधले बदल), या सगळ्यांना एकच सेटिंग पुरतं.

एमएसएमटीपीची स्वतःची छोटी फाइल असते. त्यात टीएलएस ऑन लिहायचं. 465 असेल तर टीएलएस-स्टार्टटीएलएस ऑफ, ही ओळ विसरलात तर वर सांगितलेली तीच गोठलेली अवस्था येते. पासवर्ड त्या फाइलमध्ये लिहायचाच नाही. "पासवर्डइव्हॅल"ला एक कमांड द्यायची, तिने जीपीजीतून (किल्ली वापरून एन्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम) किंवा पास नावाच्या प्रोग्रॅममधून पासवर्ड उलगडून द्यायचा. फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिला आणि ती इतरांना वाचता येण्यासारखी ठेवली तर एमएसएमटीपी चालायलाच नकार देतो, परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करावी लागते. हा कडकपणा मला फार आवडतो.

ईमॅक्सच्या बाजूला "सेंडमेल-प्रोग्रॅम"ला एमएसएमटीपीचा पूर्ण पथ द्या, "मेसेज-सेंड-मेल-फंक्शन"ला "मेसेज-सेंड-मेल-विथ-सेंडमेल". दोन खाती असतील तर जास्तीचा आर्ग्युमेंट म्हणून "रीड-एन्व्हलप-फ्रॉम" द्या, म्हणजे फ्रॉमच्या ओळीत जो पत्ता आहे त्यावरून एमएसएमटीपी खातं स्वतः निवडतो. त्यासोबत "मेसेज-सेंडमेल-एफ-इज-ईव्हिल" टी (म्हणजे चालू) करावं लागतं.

रानजाई
रविवार, संध्याकाळी 6:20

बोरघाट, कोराकागद, दोघांचेही मनापासून आभार. मी आधी एसएमटीपीमेलच लावलं, कारण त्यात नवीन काही बसवावं लागलं नाही. 465 आणि एसएसएल. मेल गेला.

मग शोधत शोधत "एसएमटीपीमेल-डीबग-इन्फो" सापडलं. ते टी केल्यावर सर्व्हरशी झालेलं सगळं बोलणं एका बफरमध्ये दिसतं. तिथे विषयाच्या ओळीत मराठीऐवजी नुसती रोमन अक्षरं आणि आकडे दिसतायत, सुरुवातीला यूटीएफ-8 आणि बी. मजकुराचंही तेच, ओळीच्या ओळी अगम्य. म्हणजे एन्क्रिप्शन झालं असं समजू ना?

बोरघाट
रविवार, संध्याकाळी 7:10

नाही! आणि हे नीट समजून घ्या, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे दिसतं आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याला दिसत नाही.

तुम्ही पाहताय ते बेस64, म्हणजे कुठलाही मजकूर साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत मांडायची पद्धत. मेलची हेडर मुळात आस्कीपुरतीच, म्हणजे साध्या रोमन अक्षरांपुरतीच, बांधलेली होती, म्हणून देवनागरी विषय बेस64 करून पाठवतात. मजकुराचंही बऱ्याचदा तसंच होतं. त्याला कुठलीही किल्ली लागत नाही. ती ओळ कॉपी करून कोणत्याही मशीनवर बेस64 उलटं करणारी कमांड चालवली की क्षणात मराठी वाक्य समोर येतं. ईमॅक्समध्येच तो भाग निवडून "बेस64-डीकोड-रीजन" चालवा. अक्षरं आकड्यांसारखी दिसली तर आणखी "डीकोड-कोडिंग-रीजन" चालवून यूटीएफ-8 निवडा.

शिवाय हा बफर एन्क्रिप्शनच्या अलीकडचा आहे. टीएलएस ईमॅक्सच्या खाली, जीएनयूटीएलएस या टीएलएस सांभाळणाऱ्या लायब्ररीत होतं. त्यामुळे जोडणी पूर्ण एन्क्रिप्टेड असली तरी इथे सगळं वाचता येण्यासारखंच दिसणार. 465 वर तर स्टार्टटीएलएस हा शब्दही या बफरमध्ये दिसायची गरज नाही.

खरा पुरावा मेलच्याच अंगावर असतो. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर एक मेल पाठवा, तिथे तो उघडून मूळ स्वरूपात पाहा. वेबमेलमध्ये त्यासाठी "मूळ संदेश दाखवा" अशा अर्थाचा पर्याय असतो. हेडरमध्ये रिसीव्ह्ड नावाच्या बऱ्याच ओळी दिसतील. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो, म्हणून सगळ्यात खालची ओळ सहसा तुमच्या मशीनने पहिल्या सर्व्हरला मेल दिला त्या क्षणाची. त्यात "विथ" या शब्दानंतर काय आहे ते वाचा. ईएसएमटीपीएसए असेल तर एस म्हणजे टीएलएस झालं आणि ए म्हणजे पासवर्ड देऊन ओळख पटवली. ईएसएमटीपीए एवढंच असेल तर पासवर्ड दिला पण टीएलएसविना. ही अक्षरं आरएफसी 3848 ने 2004 मध्ये ठरवली. काही सर्व्हर त्यापुढे टीएलएसची आवृत्तीही लिहितात. तिथे 1.2 किंवा 1.3 दिसायला हवं. 1.0 आणि 1.1 मार्च 2021 मध्ये अधिकृतपणे बाद झाले.

आणखी एक. तो डीबग बफर जसाच्या तसा इथे किंवा कुठेही चिकटवू नका. ऑथ लॉगिन या पद्धतीत वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड वेगवेगळ्या ओळींवर बेस64 मध्ये जातात. 334 ने सुरू होणाऱ्या उत्तरांच्या खालच्या ओळी आधी पुसा. काम झालं की डीबग-इन्फो पुन्हा निल करा.

रानजाई
रविवार, संध्याकाळी 7:55

ईएसएमटीपीएसए! आणि पुढे टीएलएस 1.3. हाच पुरावा हवा होता. विषयाची ओळही डीकोड करून पाहिली, खरंच लगेच उलगडते.

आता पासवर्डचं सांगा. ईमॅक्सने विचारलं की डॉट ऑथइन्फोमध्ये ठेवू का. मी अजून हो म्हटलेलं नाही.

नागझरी
रविवार, रात्री 9:00

हो म्हणू नका, थांबा.

ईमॅक्स पासवर्ड ऑथ-सोर्स या पॅकेजकडून घेतो. ते तीन जागी पाहतं: डॉट ऑथइन्फो, डॉट ऑथइन्फो डॉट जीपीजी, डॉट नेटआरसी. या क्रमात पहिली फाइल साधी आहे. म्हणून तुम्ही हो म्हणालात की पासवर्ड होम फोल्डरमध्ये साध्या अक्षरात लिहिला जातो. वाटेत टीएलएस 1.3 आणि घरात पासवर्ड उघडा, याला काय अर्थ आहे? रोजच्या बॅकअपमध्ये ती फाइल जाते, क्लाउडवर जाते, जुन्या हार्डडिस्कवर तशीच पडून राहते.

आधी "ऑथ-सोर्सेस" या व्हेरिएबलमध्ये फक्त जीपीजीवाली फाइल ठेवा. मग ईमॅक्समध्ये त्याच नावाची नवी फाइल उघडा आणि एक ओळ लिहा: मशीन, सर्व्हरचं नाव, लॉगिन, तुमचा पत्ता, पोर्ट, 465, पासवर्ड, आणि तुमचा पासवर्ड. यातले मशीन, लॉगिन, पोर्ट आणि पासवर्ड हे चार शब्द रोमन छोट्या लिपीत. सेव्ह करताना ईझीपीजी (ईमॅक्सचा जीपीजीशी बोलणारा भाग) विचारेल कोणाच्या किल्लीने एन्क्रिप्ट करू. स्वतःची निवडा. पुढे ती फाइल उघडली की आपोआप उलगडते, बंद केली की डिस्कवर एन्क्रिप्टेडच असते.

सर्व्हरचं नाव आणि पोर्ट तुमच्या सेटिंगशी अक्षरशः जुळले पाहिजेत. ओळीत 587 आणि सेटिंगमध्ये 465 असेल तर ईमॅक्सला ती ओळ सापडत नाही आणि तो प्रत्येक वेळी पासवर्ड विचारत बसतो. पासवर्डमध्ये स्पेस असेल तर तो दुहेरी अवतरणात ठेवा.

पासवर्ड बदलल्यावर फाइल दुरुस्त केली तरी 535 हा नकार येत राहिला, तर घाबरू नका. ऑथ-सोर्स दोन तास जुना पासवर्ड लक्षात ठेवतं. मेटा-एक्स देऊन "ऑथ-सोर्स-फर्गेट-ऑल-कॅश्ड" चालवा.

टर्मिनलमध्ये ईमॅक्स वापरत असाल तर जीपीजीचा पासफ्रेज विचारणारा चौकोन स्क्रीनचा पार विचका करतो. "ईपीजी-पिनएंट्री-मोड"ला लूपबॅक द्या, मग ईमॅक्स खालच्या ओळीतच विचारतो.

लीकाठचा
रविवार, रात्री 11:35

आयर्लंडमधून लिहितोय. नागझरींच्या पोस्टला जोड देतो. जीमेलचं खातं असेल तर नेहमीचा पासवर्ड इथे चालणारच नाही. गूगलने 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने आत येणं बंद केलं. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो 16 अक्षरांचा असतो आणि स्क्रीनवर चार-चार अक्षरांच्या गटात दिसतो. मधल्या मोकळ्या जागा काढून लिहा.

ॲप पासवर्डचा एक फायदा लोक बोलत नाहीत. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढा एक रद्द करता येतो, मुख्य पासवर्डला हात लावावा लागत नाही.

ऑफिसच्या खात्यांचं वेगळं आहे. बऱ्याच ठिकाणी आता ओऑथ2 (पासवर्डऐवजी टोकन देऊन ओळख पटवायची पद्धत) शिवाय मेल पाठवताच येत नाही. एसएमटीपीमेलला एक्सओऑथ2 पद्धत कळते, पण टोकन आणून देणारी व्यवस्था बाहेरून करावी लागते. तिथे मी कोराकागद यांच्या बाजूचा. एमएसएमटीपीच्या पासवर्डइव्हॅलला टोकन आणणारी स्क्रिप्ट जोडणं सोपं पडतं.

अभंगप्रेमी
सोमवार, सकाळी 8:20

सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. पण मूळ मुद्द्यावर एक शंका. टीएलएस तुमच्या मशीनपासून तुमच्या मेलसेवेच्या सर्व्हरपर्यंत. तिथे मेल उलगडतो, डिस्कवर बसतो. पुढच्या सर्व्हरकडे जाताना पुन्हा टीएलएस असेल किंवा नसेल, त्यावर तुमच्या ईमॅक्सचा काही ताबा नाही. साक्षीदाराचं नाव लपवायचं असेल तर या सगळ्याने नेमकं काय साधलं?

बोरघाट
सोमवार, सकाळी 10:00

अभंगप्रेमी, बरोबर आहे. टीएलएसने साधतं ते एवढं: तुमचा पासवर्ड आणि मजकूर तुमच्या घरातल्या, कॅफेतल्या, कोर्टाच्या आवारातल्या वायफायवर कोणाला वाचता येत नाही. पासवर्ड गेला तर गेल्या दहा वर्षांचे मेल जातात, म्हणून हे छोटं काम नाही. पण मधल्या सर्व्हरपासून मजकूर लपवणं हे त्याचं काम नव्हेच. त्यासाठी मजकूरच एन्क्रिप्ट करावा लागतो.

ईमॅक्समध्ये तीही सोय आत आहे. मेल लिहून झाला की "एमएमएल-सिक्युअर-मेसेज-एन्क्रिप्ट-पीजीपीमाइम" चालवा. मजकुराच्या वर एक खुणेची ओळ येते. पाठवताना जीपीजी ज्यांना मेल जातोय त्यांच्या किल्ल्या शोधून मजकूर आणि जोडलेल्या फाइली सगळं एकत्र एन्क्रिप्ट करतं. जोडलेल्या फाइलचं नावसुद्धा आत जातं.

"एमएमएल-सिक्युअर-ओपनपीजीपी-एन्क्रिप्ट-टू-सेल्फ" टी करून ठेवा. नाहीतर पाठवलेल्या मेलची तुमच्याकडची प्रत तुम्हालाच उघडता येणार नाही.

तरीही काय झाकलं जात नाही ते ध्यानात ठेवा. विषयाची ओळ उघडीच राहते. म्हणून "अमुक प्रकरणातील साक्षीदार क्रमांक 4 चा जबाब" असा विषय लिहून खालचा मजकूर एन्क्रिप्ट करण्यात हशील नाही. विषयात "भाषांतर पाठवले आहे" एवढंच लिहा. कोणी कोणाला कधी मेल केला तेही उघडंच असतं. बीसीसीमध्ये कोणी असेल तर आणखी सांभाळून: एन्क्रिप्टेड मेलमध्ये ज्या ज्या किल्लीने तो उघडतो तिचा क्रमांक नोंदलेला असतो, म्हणजे लपवलेला माणूस त्यावरून उघड होऊ शकतो. अशा माणसाला सरळ वेगळा मेल करा.

गवतफुला
सोमवार, सकाळी 11:15

वकिलांकडे पीजीपीची (जीपीजी वापरतं त्या पद्धतीची) किल्ली असते का हो? मी ज्यांच्याबरोबर काम करते त्यातल्या एकाकडेही नाही. मेलसोबत "एन्क्रिप्टेड डॉट एएससी" अशी फाइल गेली की लगेच फोन येतो, तुमची फाइल उघडत नाही.

रानजाई
सोमवार, दुपारी 12:40

माझ्याकडेही तेच चित्र आहे. दोन संस्था आहेत ज्या पीजीपी वापरतात, त्यांना आता अशीच पाठवेन. बाकीच्यांसाठी मी 7-झिपमध्ये एईएस-256 लावून फाइल बंद करते, "फाइलची नावं पण एन्क्रिप्ट करा" या खुणेसह, आणि पासवर्ड फोनवर सांगते. मेलमध्ये कधीच नाही, दुसऱ्या मेलमध्येसुद्धा नाही. अशिलाच्या आजाराचा कागद आपल्या हातात विश्वासाने दिलेला असतो. त्याच्यासाठी एक फोन जास्तीचा करायला काय हरकत आहे?

खडकवाट
सोमवार, दुपारी 4:05

मी विंडोजवर आहे. वरचं सगळं केलं, पण जीएनयूटीएलएस एरर, उणे 15, अनपेक्षित टीएलएस पॅकेट मिळालं असं सांगतो. पोर्ट 587, स्ट्रीम-टाइप एसएसएल.

नागझरी
सोमवार, दुपारी 4:30

जोडी चुकली आहे. 587 वर सर्व्हर आधी साध्या अक्षरात 220 म्हणून नमस्कार करतो. तुमचा ईमॅक्स मात्र पहिल्या क्षणापासून टीएलएसची अपेक्षा करतोय, म्हणून तो नमस्कारच त्याला अनपेक्षित वाटतो. पोर्ट 465 करा किंवा स्ट्रीम-टाइप स्टार्टटीएलएस करा.

खडकवाट
सोमवार, संध्याकाळी 5:10

465 केलं, ती एरर गेली. आता ईमॅक्स म्हणतो सर्व्हरची ओळख सांगणाऱ्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही. ते कोणी दिलं तिथे माझ्या अँटीव्हायरसचं नाव दिसतंय. "नेहमीसाठी मान्य" करू का?

नागझरी
सोमवार, संध्याकाळी 5:45

करू नका. काही अँटीव्हायरस मेल तपासण्यासाठी मधे उभे राहतात. तुमची एन्क्रिप्टेड जोडणी ते स्वतः उघडतात, आतलं पाहतात आणि सर्व्हरशी दुसरी जोडणी करतात. तुमच्यापुढे येतं ते त्यांनी बनवलेलं प्रमाणपत्र. ब्राउझरमध्ये हे कळत नाही, कारण बसवताना अँटीव्हायरसने आपलं मूळ प्रमाणपत्र विंडोजमध्ये घालून ठेवलेलं असतं. ईमॅक्सने तुम्हाला ते दाखवलं हे चांगलंच झालं. अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये बाहेर जाणारे मेल तपासण्याचा पर्याय असतो, तो बंद करा आणि पुन्हा पाठवून पाहा. नेहमीसाठी मान्य केलंत तर ते नेटवर्क-सिक्युरिटी नावाच्या डेटा फाइलमध्ये नोंदलं जातं आणि पुढच्या वेळी ईमॅक्स विचारतच नाही.

खडकवाट
सोमवार, संध्याकाळी 6:30

झालं. खालच्या ओळीत ईएसएमटीपीएसए आलं. आभारी आहे.

कोराकागद
सोमवार, रात्री 9:20

अजून कोणी काढला नाही असा एक मुद्दा: लिहिता लिहिता मेसेज मोड (ईमॅक्सचा मेल लिहायचा भाग) मसुदा आपोआप सेव्ह करत असतो, तोही उघड्या मजकुरात, कारण एन्क्रिप्शन पाठवतानाच होतं. रानजाई, तुमच्यासारख्या कामाला पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असणं अत्यावश्यक आहे. उबुंटू बसवतानाच एलयूकेएसचा पर्याय मिळतो. नंतर करायचं म्हणजे बहुतेक वेळा सगळं पुन्हा बसवणं आलं.

रानजाई
मंगळवार, सकाळी 9:10

डिस्क आधीपासून एन्क्रिप्टेड आहे. शेवटचा प्रश्न विचारते. महिन्यातून रत्नागिरीला जाणं होतं. गाडीत काम करते आणि बोगद्यांमध्ये नेट सारखं जातं. पाठवायचे मेल रांगेत ठेवून नंतर एकदम पाठवता येतात का? आणि ते रांगेत असताना एन्क्रिप्टेड असतात का?

बोरघाट
मंगळवार, सकाळी 10:25

येतात. "एसएमटीपीमेल-क्यू-मेल" टी करा. मग कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबल्यावर मेल जात नाही, होम फोल्डरमधल्या "मेल"च्या आत "क्यूड-मेल" नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. नेट आलं की "एसएमटीपीमेल-सेंड-क्यूड-मेल" चालवा, सगळे एकामागून एक जातात. जागा बदलायची असेल तर "एसएमटीपीमेल-क्यू-डिर".

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत. टीएलएस जोडणीच्या वेळीच होतं, त्यामुळे साधा मेल रांगेत उघडाच असतो, बेस64 असला तरी. पीजीपीची खूण लावलेला मेल मात्र रांगेत पडण्याआधीच एन्क्रिप्ट होतो, कारण ते काम मेसेज मोड करतो आणि तयार झालेला मेल मगच एसएमटीपीमेलच्या हाती देतो. एकदा स्वतः पाहा: पीजीपीवाला एक मेल रांगेत टाका आणि त्या फोल्डरमधली फाइल उघडा. वर पत्ते आणि विषय वाचता येतील, खाली पीजीपी संदेशाची सुरुवात दिसेल. आणि ते फोल्डर बॅकअपच्या यादीतून वगळा.